भुईत राहिलेलं चाक

ऑगस्टातली, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या पठारावर ऐन हिवाळ्यातली, उजळ, कडक थंडीची सकाळ होती. अंगणात सेवेरो कायो जीपपुढे उकिडवा बसून, ओंडक्यांवर टेकवलेला विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, जीपला बसवून बघत होता. त्याची बायको निकानोरा उंबऱ्यात बसून वाळवलेले बटाटे निवडत होती, पण तिचं निम्मं लक्ष त्याच्याकडेच होतं.

विंच एक आणि मालक दोन, असा तो मामला. खाणीतल्या एका मोडीत निघालेल्या गाडीवरून सेवेरो आणि शेजारचा इलारियो यांनी तो मिळून आणला होता. जीप दोघांच्या दोन, तेव्हा विंच काढता-घालता येईल असाच करून घ्यावा लागला. लोहारानं त्याला लोखंडी चौकट केली, चौकटीला एक चौकोनी दांडा जोडला, आणि तो दांडा बरोबर बसेल अशी चौकोनी नळी दोन्ही जीपांना पुढंही आणि मागंही सांधून दिली. दांडा नळीत सारायचा, भोकावर भोक आलं की आडवी खीळ घालायची, खिळीच्या शेपटाला चिमटा लावायचा, आणि शेवटी बॅटरीकडून आलेल्या जाड तारांचा लाल प्लग जोडायचा. बटण दाबलं की तो गुरगुरत तारेचा दोर गुंडाळायला लागे. वजन मात्र भरल्या पोटाच्या लामाएवढं, त्या लोकरीच्या ओझेवाहू जनावराएवढं. एकट्याला उचलायचा नाही.

“लाव, काढ, लाव, काढ,” निकानोरा म्हणाली. “पोराला नवी टोपी मिळाल्यागत चाललंय तुझं.”

“अगं म्हातारे, घरी हात बसला म्हणजे चिखलात चुकत नाही.”

भिंतीपलीकडून इलारियोनं डोकं वर काढलं. त्याच्या जीपचं इंजिन खोलून पडलं होतं आणि त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. “वहिनी, सांगा त्याला, अर्धा विंच माझा आहे. झिजवू नको म्हणावं!”

“तुमच्या अर्ध्याला तो हात कुठं लावतोय, भाऊजी? आमचाच अर्धा झिजवतोय.”

तिघंही हसली. निकानोराचं हसू मात्र लगेच विरलं. तिचा जीव खाऱ्या मैदानापलीकडच्या गावात अडकला होता. तिथं तिची एकुलती लेक लिदिया दिवस भरत आलेली. जावई सरहद्दीपलीकडे तांब्याच्या खाणीत. लिदियाची आधीची दोन लेकरं जग न बघताच गेली होती. या खेपेला निकानोरानं काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. चर्चमधल्या कुमारी मातेला मेणबत्त्या, शुक्रवारचे उपास, बाळ सुखरूप आलं तर गावच्या जत्रेत अनवाणी नाचायचं. सगळे नवस नीट, मोजून बोललेले. तिच्या आईची शिकवण होती ती. ‘काय देणार ते आधी ठरव. किती ते सांग. कधी ते सांग. नुसतं “तुला हवं ते घे” असं कधी म्हणू नये, पोरी. देवसुद्धा त्यानं विचारात पडतो. आणि काही असे असतात, जे विचारात पडत नाहीत.’

फोन वाजला तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. सुईण आसुंता बोलत होती. तिचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही.

“निकानोरा, बाळ आडवं आहे. मी सकाळपासून चोळतेय, फिरत नाही. तिला इस्पितळात न्यायला हवं. आज. गाडी घेऊन या.”

मग जी घाई झाली ती झाली. सेवेरोनं खीळ उपसली, इलारियोनं उडी मारून एक बाजू धरली, दोघांनी विंच काढून मागच्या फळीवर ठेवला. मऊ जमिनीवरून जाताना नाकावर ओझं नको, असं सेवेरोचं म्हणणं. घोंगडी, फावडं, पट्टा, पाण्याचे डबे. निकानोरानं शाल गुंडाळली आणि चढली. चघळायच्या आणि भुईला वाहायच्या कोकाच्या पानांची पिशवी दारामागच्या खुंटीला तशीच लटकत राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात ती पिशवी घरी विसरण्याची ही पहिली वेळ.

*

डोंगराकडून वळसा घालणारा रस्ता पक्का, पण लांबचा. मैदानाच्या कडेकडेनं गेलं की निम्म्यानं जवळ. हिवाळ्यात ती कड खडखडीत असते, म्हणून सेवेरोनं विचारसुद्धा केला नाही. पण गेल्या आठवड्यात अवेळी बर्फ पडलं होतं. वरून वितळून ते आत मुरलं होतं, आणि मिठाची साय वर तशीच पांढरीशुभ्र, कोरडी दिसत होती.

भाकरीचा पापुद्रा बोटानं दाबावा तसा तो थर फुटला. जीपचं नाक खाली गेलं. सेवेरोनं इंजिन रेटलं तशी ती आणखी रुतली. काळा, कुजट वासाचा चिखल पुढच्या चाकांच्या वर आला.

“बस्स कर,” निकानोरा म्हणाली. “पुरतोयस तिला.”

दोघं उतरली. वारा नुसता कापत होता. पुढं सगळा पांढरा चिखल, मागं काही अंतरावर तांबूस, टणक जमीन. म्हणजे गाडी मागंच ओढायला हवी. “बघ, पुढं कायमचा बसवलेला विंच असता तर नुसतं नाक खाजवत बसलो असतो,” सेवेरो म्हणाला. तो बोलत होता तो स्वतःच्या धिरासाठी. दोघांनी विंच उचलून मागच्या नळीत सारला. निकानोराच्या हातांना कळ लागली, पण भोकावर भोक आलं. खीळ गेली, चिमटा लागला, प्लग बसला.

आता दोर बांधायचा कशाला? त्या मुलखात झाड नाही, खडक नाही. अशा वेळी तिथले लोक टणक जमिनीत खड्डा करून जादा चाक पुरतात, त्याला पट्टा बांधतात, आणि दोर त्या पट्ट्याला अडकवतात. पुरलेलं चाक जमीन धरून ठेवतं आणि गाडी बाहेर येते. काम झालं की चाक उकरून घ्यायचं, खड्डा बुजवायचा. साधी गोष्ट.

पण महिना ऑगस्ट होता. ऑगस्टात भुईमायचं तोंड उघडं असतं. वर्षभर ती देते, या एका महिन्यात ती खाते. कुंपणाचा खांब रोवायचा झाला तरी आधी तिला पानं, दारू, गोड काहीतरी द्यायचं, आणि विचारूनच पहिलं फावडं मारायचं.

“पिशवी?” सेवेरोनं विचारलं.

“खुंटीलाच राहिली,” निकानोरा म्हणाली.

“जाऊ दे. आपण काही पेरत नाही, की कुणाला पुरत नाही. चाक ठेवायचं, चाक काढायचं. ती काय एवढ्यावर रुसते?” असं म्हणत त्यानं फावडं मारलंसुद्धा.

खड्डा उथळ झाला. चाक पुरलं, पट्टा बांधला, दोर ओढत नेऊन अडकवला. दोर तुटला तर अंगावर येऊ नये म्हणून निकानोरानं घोंगडी त्याच्यावर टाकली आणि ती लांब जाऊन उभी राहिली. सेवेरोनं बटण दाबलं. विंच गुरगुरला, दोर ताठ झाला, जीप जरा हलली... आणि चाक जमिनीतून उखडून, माती उडवत, उड्या मारत गाडीकडे आलं.

  सेवेरोनं प्लग ओढून काढला, कारण चालू तारांपाशी दोर हाताळू नये हे त्याला पाठ होतं. दोर सोडवला आणि तो पुन्हा खणायला लागला. आता खोल. कमरेइतकं. खड्डा जसजसा खाली गेला तसतशी आतून ऊब वर यायला लागली. दोघांनाही ती जाणवली. 

सूर्य डोंगराला टेकला होता. निकानोराच्या डोळ्यांपुढे लिदिया येत होती. गुडघे पोटाशी घेतलेली, दातांत ओढणी धरलेली. चाक खाली ठेवून, दोर पट्ट्याला अडकवून आणि त्यावर घोंगडी टाकून सेवेरोनं माती लोटली, तेव्हा निकानोरा त्या मातीपाशी गुडघ्यांवर बसली. तिनं हातमोजे काढले, तळवे भुईवर टेकले.

“माय,” ती पुटपुटली, “आज हातात काही नाही गं. पानं नाहीत, दारू नाही, गोड नाही. गाडी काढ. माझी लेक सोडव. मग... तुला हवं ते घे.”

बोलली आणि तिचे ओठ गार पडले. आयुष्यभर मोजून बोललेल्या बाईनं कड्याच्या टोकावर उभं राहून उघडा नवस बोलला होता. तिनं घाईनं तोंड उघडलं. लामाची चरबी देईन, पांढरी, नर लामाची, असं काहीतरी सांगून तिला शब्द बांधून टाकायचा होता. पण त्याच क्षणी वारा पडला.

असा पडला, जसं कुणी दार लावून घ्यावं. त्या मैदानावर इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. मग त्या शांततेत एक बारीक आवाज उमटला. ताणलेल्या तारेवरून कुणी नख फिरवावं तसा.

दोर ताठ झाला होता. घोंगडी त्यावर हलकीशी थरथरत होती. विंचाचा दोर गुंडाळणारा पिंप सावकाश फिरत होता. आणि जीप चिखलातून मागं येत होती. धक्का नाही, हिसका नाही. झोपलेल्या पोराला मांडीवरून गादीवर ठेवावं इतक्या अलगद.

“निघाली... निघाली रे!” निकानोरा ओरडली. “सावकाश ओढ, घाई करू नको!”

 सेवेरो गाडीच्या बाजूला उभा होता. बटणाची पेटी त्याच्या हातात लोंबत होती.

“म्हातारे,” तो म्हणाला.  “मी... मी दाबलं नाहीये अजून.”

तिनं विंचाकडे बघितलं. गुरगुर नव्हती. मघाशी जो आवाज मैदानभर ऐकला होता, तो नव्हताच. लाल प्लग, सेवेरोनं काढून ठेवला होता तसाच, मागच्या फळीवर मोकळा पडला होता. पिंप मात्र फिरत होता.

चारही चाकं टणक जमिनीवर आली. दोर थांबला नाही. रिकामी जीप मागं सरकत राहिली, खड्ड्याकडे, सरळ. सेवेरोनं दार उघडून आत उडी घेतली आणि हातब्रेक ओढला. चाकं आवळली, तरी ती तांबड्या जमिनीवर चर पाडत घसटत राहिली. तो बाहेर पडला, हातोडी घेऊन मागं धावला आणि खीळ उडवायला लागला. ओढीखाली आलेली खीळ ती. हातोडी वाजत होती, खीळ जागची हलत नव्हती.

“सोड! बाजूला हो!” निकानोरानं त्याला दंडाला धरून ओढलं. मग ती खड्ड्यापाशी गेली. मघाशी त्यांनी शिगेला भरलेली माती आत खचली होती. हातभर खाली. पट्टा त्या मातीतून सरळ उभा खाली गेला होता, आणि ताणलेला होता.

तिनं हात जोडले. “निघाली, माय. पुरे. पुरे झालं.”

दोर सैल पडला. एकदम नाही, हळूच. बोलणं ऐकून घेतलेल्या माणसानं हात सोडावा तसा.

 मग सेवेरोनं फावडं घेतलं आणि चाक उकरायला लागला. पट्टा खाली, आणखी खाली. त्यांनी चाक ठेवलं होतं ती खोली मागं पडली, पट्टा अजून खालीच जात होता.

“अरे, राहू दे.”

“चाक आहे ते आपलं, निका...”

“राहू दे म्हणते ना. लिदिया वाट बघतेय.” तिनं पट्ट्याची कडी सोडली. पट्ट्याचं टोक मातीत टाकलं आणि हातांनी माती लोटायला सुरुवात केली. “हे चाक तुझं,” ती भुईला म्हणाली. “पट्टाही तुझा. काम झालं, देणं झालं.”

“मिटलं ना मग?” सेवेरोनं विचारलं. तो लहान पोरासारखा विचारत होता.

“मिटलं असं देणाऱ्यानं म्हणून चालत नाही रे,” निकानोरा म्हणाली. “घेणाऱ्यानं म्हणावं लागतं.”

तिनं कान देऊन थोडं ऐकलं. मग वारा पुन्हा सुटला.

*

दोघं पोचली तेव्हा डोंगरांवर अजून थोडा उजेड होता. दारात आसुंता उभी होती. तिच्या हातात गाठोडं होतं, आणि गाठोडं रडत होतं.

“मुलगी,” आसुंता म्हणाली. “दोघी बऱ्या आहेत. इस्पितळाची गरज नाही आता.”

निकानोरा उंबऱ्यावरच बसली आणि तोंडात शालीचं टोक कोंबून रडली. लिदिया आतून क्षीण आवाजात म्हणाली, “आई, आधी मला तरी बघ की. नात आली तर मला विसरलीस?” मग रडता रडता निकानोराला हसू फुटलं.

रात्री सूप पिताना आसुंता सेवेरोकडे बघून म्हणाली, “तीस वर्षं ही कामं करतेय मी. आडवं लेकरू आपणहून वळलेलं पाहिलंय, पण असं नाही. मी थकून हात काढले होते. बाहेर वारा पडला एकदम, आणि बाळ फिरायला लागलं. पोटावर दिसत होतं. कुणीतरी पलीकडून दोर धरलाय आणि मऊ हातानं ओढतंय, असं. पोरीला कळसुद्धा लागली नाही.”

सेवेरोनं चमचा खाली ठेवला. नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं.

पाऊस होऊन गेल्यावर, मैदान वाळल्यावर, सेवेरो आणि इलारियो चाक आणायला गेले. चाकांनी पाडलेले चर होते. ते जिथं संपत होते तिथं जमीन सपाट होती, कुणी कधी खणलेलीच नाही अशी. दोघांनी लांबलचक सळई चहूकडे खुपसून बघितली. काहीच लागलं नाही. “चोरलं कुणीतरी,” इलारियो म्हणाला. “अर्ध्या विंचाचा मालक मी, पण चाक सगळं तुझं होतं बाबा. मला काही मागू नकोस.” सेवेरो हसला नाही, तेव्हा त्यानं सळई खांद्यावर टाकली.

मुलीचं नाव एल्वीरा ठेवलं. जावयानं नंतर इकडेच काम धरलं आणि घर निकानोराच्या गावात केलं. पोर कशी, तर लोण्याच्या गोळ्यासारखी. सर्दी नाही, पडसं नाही. सगळ्या अंगणाची हसरी. निकानोरानं कुमारी मातेचे नवस एकेक करून फेडले. जत्रेत अनवाणी नाचली, तेव्हा तळव्यांतून रक्त आलं आणि तिला ते गोड वाटलं. आणि दर ऑगस्टात ती भुईला ताट मांडायची. पांढऱ्या लामाची चरबी, चित्रं कोरलेल्या साखरेच्या वड्या, कोकाची निवडक अखंड पानं, दारू चारी कोपऱ्यांना. सगळं निखाऱ्यांवर ठेवून ती म्हणायची, “हे त्या दिवसाचं.” सगळं नीट जळून पांढरी राख व्हायची. तिकडची माणसं म्हणतात, राख पांढरी आली की भुईनं आनंदानं घेतलं. दरवर्षी पांढरीच आली. भुई सगळं घेत होती. पण मिटलं असं कधी तिनं म्हटलं नाही.

कधी कधी निकानोराच्या मनात यायचं, अखेर सगळीच लेकरं उसनी असतात. कुणी नवस बोलून घेतलेली, कुणी न बोलता. मग मी इतकं काय मनाला लावून घेते? तिला त्यात खरोखर धीर वाटायचा. सकाळी पोरीची वेणी घालताना, तिच्या मानेचा वास घेताना, तो धीर पुरायचा.

एल्वीरा चुरूचुरू बोलायला लागली त्या वर्षीचा ऑगस्ट. दुपारची वेळ. निकानोरा निखारे फुलवायला बाहेर आली, तर पोर अंगणाच्या मधोमध पालथी पडलेली, गाल भुईला टेकवून.

“ऊठ गं सोने, गारठशील.”

“गार नाहीये, आजी. ऊन ऊन आहे.”

“करतेस काय?”

“बोलतेय.”

निकानोरा हातातली पानं सांभाळत तिच्याशेजारी बसली. “काय बोलते ती?”

“म्हणते, येतेस का?”

वारा पडलेला आहे, हे निकानोराच्या तेव्हा लक्षात आलं. “मग... तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, आजीला विचारून सांगते.”

निकानोरानं पोरीच्या केसांवर हात ठेवला.  इतकी वर्षं तिला जे सुचलं नव्हतं, ते आता लख्ख सुचलं. काय देणार, किती, कधी. सगळं मोजून.

“तिला सांग,” ती म्हणाली, “एल्वीरा नाही येणार. तिच्याऐवजी आजी येईल. तू बोलावशील त्या दिवशी येईल, कुरकुर न करता. आजीचा नवस आहे म्हणून सांग.”

एल्वीरानं तोंडाभोवती हातांचा द्रोण केला आणि भुईत कुजबुजली. एक शब्दही न गाळता, शहाण्या पोरीसारखी. मग कान टेकवून ऐकत राहिली. बराच वेळ. आणि तिला एकदम हसू आलं.

“काय गं?”

“ती म्हणते, आजी तर तशीही येणारच आहे,” एल्वीरा म्हणाली, आणि पुन्हा कान लावला.